लेकीच्या घरचे खेकडे

"मासे करा, पण वास येऊ देऊ नका."

बारामतीच्या एका बंगल्यातून मला असा फोन आला होता. मी विचारलं, "मग पनीर करू का?" पलीकडचे गृहस्थ अगदी गंभीरपणे म्हणाले, "पनीरला माशाची चव येईल का?"

माझा धंदा हा असा आहे. लोकांच्या घरी जाऊन मी मासे शिजवून देते. बारामती, इंदापूर, भिगवण, मध्ये वालचंदनगर. एवढा माझा मुलूख. उजनी धरणाचं पाणी पोटाशी असूनही आमच्याकडच्या निम्म्या घरांत मासे शिजत नाहीत. पण खायचे असतात सगळ्यांना. म्हणून मला बोलावतात. कुणी गॅरेजमध्ये शेगडी मांडून देतं, कुणी गच्चीवर. एका घरी तर मी बाथरूमच्या मागच्या बोळात वामीचं कालवण केलं, आणि ते घरातल्या सगळ्यांनी बोळातच उभ्यानं, एकमेकांच्या पाठीशी पाठ लावून, मिटक्या मारत खाल्लं.

बाहेरच्यांना वाटतं की यात मसाला महत्त्वाचा. मसाला कुणालाही जमतो. मासा ताजा ओळखणं, तो कधी उतरवायचा ते कळणं आणि मीठ, एवढ्या तीनच गोष्टींवर धंदा चालतो. चौथी गोष्ट माझी स्वतःची आहे. मी जिथं शिजवते तिथं पंगत एकच बसते. घरचे आधी, ड्रायव्हर आणि कामवाल्या मावशी मागून, असा प्रकार असेल तर मी शेगडी पेटवत नाही. जी शिजवते तीही त्याच पंगतीत जेवते.

हा नियम मी कुठून आणला ते सांगायला हवं. माझे वडील, तात्या, कारखान्यात नोकरीला होते. दिवसा यंत्रावर आणि संध्याकाळी पत्रकांवर. हुंडा, अंगारे-धुपारे, जातीच्या पंगती, दारू. तात्यांनी पत्रक काढलं नाही असा विषय तालुक्यात राहिला नसेल. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. मला वाचता आलेला पहिला शब्द 'आई' नव्हता, 'बंधूंनो' होता. पुढं 'भगिनींनो' का नाही, म्हणून सातवीत मी तात्यांशी दोन दिवस अबोला धरला. तेव्हापासून आमच्या तालुक्यातली पत्रकं दोघांना उद्देशून निघू लागली. माझं नावही त्यांनी समता ठेवलं आहे. असं नाव घेऊन माणसानं शांत राहावं ही अपेक्षाच चुकीची.

एकदा एका घरी दुसरी पंगत मागच्या दारी बसवणार असं कळलं. मी तिथल्या तिथं भाषण केलं, पदर खोचला आणि घरी निघून आले. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पत्रक झकास झालं. पण कढई तिथंच राहिली की गं."

कढई आणायला तात्याच गेले. तेव्हापासून ते प्रत्येक कामावर माझ्याबरोबर येतात. शेगडी पेटवणं, खेकडे धुणं आणि मला आवरणं, ही तीन कामं त्यांच्याकडे.

तर अनिरुद्धचा फोन आला तो गेल्या हिवाळ्यात. हा तरुण इंजिनियर, मूळचा बारामतीचा, वालचंदनगरच्या कॉलनीत क्वार्टरमध्ये राहणारा. मध्यंतरी दोन वर्षं अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याकडे काम करून आला होता आणि तिथलं एक जेवण त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. भलं मोठं पातेलं अंगणात चुलाणावर ठेवायचं. त्यात बटाटे, मक्याची कणसं, अख्खे लसूण, लिंबं, खेकडे, कोळंबी हे सगळं एकाच मसाल्याच्या पाण्यात उकडायचं. मग पाणी काढून टाकून तो ढीग सरळ टेबलावर ओतायचा. ताट नाही, वाटी नाही, चमचा नाही. सगळ्यांनी भोवती उभं राहून हातानं खायचं.

"ताटच नाही?" मी विचारलं.

"नाही. सगळ्यांचं एकच."

मी त्याच क्षणी काम घेतलं. तात्यांनी आयुष्यभर ज्यासाठी शाई खर्च केली ते अमेरिकेतले लोक खेकड्यांसाठी करत होते.

आता समुद्रातल्या माशांचं जेवण वालचंदनगरात करायचं म्हणजे थोडी तडजोड आली. अनिरुद्धला बर्फात घालून आणलेली समुद्राची कोळंबी हवी होती. मी सांगितलं, बर्फातली चार दिवसांची कोळंबी घेण्यापेक्षा उजनीचा सकाळचा जिवंत झिंगा घे. धरणातला चिलापी मासा चालेल का, असं त्यानं विचारलं. चिलापी त्या उकळीत फुटून पेज होते, म्हणून ती नको म्हटलं. सॉसेज तो म्हणत होता ते इथं मिळत नाही, आणि मिळालं तरी पाहुण्यांत कुणाला चालेल, कुणाला नाही. त्याऐवजी अंडी घातली. मका आणि बटाट्याला आमच्याकडे तोटा नाही. मसाल्याचा त्यानं एक डबा तिकडून आणला होता, तो चाळीस माणसांना कपाळाला लावण्यापुरता होता. मी मोहरी, धने, मिरी, लवंग, तमालपत्र, ओवा आणि आपलं कांदा-लसूण तिखट घालून पाणी बांधलं. इंदापूरच्या एका भोई दादांनी सुती दोरीचं नवं जाळं विणून दिलं. त्यात भरून एकेक जिन्नस पातेल्यात सोडायचा आणि शेवटी सगळं एकदम उचलायचं.

"पाणी समुद्रासारखं खारट लागलं पाहिजे," अनिरुद्धनं बजावलं.

"तात्या, समुद्र कसा लागतो?" मी विचारलं. आमच्या घरात समुद्र फक्त त्यांनीच पाहिला आहे, तोही एका अधिवेशनाला गेले असताना.

"भाषण चालू होतं. चाखायला वेळ मिळाला न्हाय," तात्या म्हणाले.

अनिरुद्धची बायको सोनाली. जवळच्याच कळस गावची. लोणी देवकरच्या एका कारखान्यात ती तपासणी विभागात आहे. पुरुषांनी बनवलेल्या वस्तूंतल्या चुका काढायचा तिला पगार मिळतो. कामाची बोलणी करायला मी गेले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "खेकडे मोठे मिळतील ना? नांग्या जाड पाहिजेत. एकदम टणक."

"मोठ्या खेकड्याला मांस जास्त असतं असं नाही," मी म्हटलं.

"मांस नसलं तरी चालेल. नांग्या टणक हव्यात."

मला हे विचित्र वाटलं. पण वास नसलेले मासे मागणारं गिऱ्हाईक पाहिलेल्या बाईला फार काळ काही विचित्र वाटत नाही.

मग हळूहळू तिनं खरी गोष्ट सांगितली. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. आजोबांनी, आबांनी, तिला वाढवलं. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जाणारे आबा. पुढं कळप गेला, शेती आली, आणि त्या शेतीवर त्यांनी नातीला इंजिनियर केलं. नातीनं आपल्या पसंतीनं, जातीबाहेर लग्न ठरवलं, तेव्हा भावकी रुसली. आबा म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. तुमी जेवायला येणार का न्हाय तेवढं सांगा." लग्न दणक्यात झालं. असा माणूस. पण एक गोष्ट ते सोडत नव्हते. लेक दिली त्या घरचं अन्न बापानं खायचं नाही, तिला मूल होईपर्यंत. आणि सोनालीचा बाप म्हणजे आबाच.

लग्नाला वर्ष झालं होतं. आबा दोनदा क्वार्टरवर आले होते. दोन्ही वेळा घरून फडक्यात भाकरी बांधून आणली, पाण्याची बाटलीसुद्धा आणली, आणि ओट्यावर बसून स्वतःची भाकरी खाऊन गेले. सोनाली आत चहाचं आधण ठेवून उभी राहिली आणि मग तिनं तसाच गॅस बंद केला.

"मूल आम्हाला एवढ्यात नको आहे," ती म्हणाली. "कधी होईल माहीत नाही. आबांचं वय झालंय. तोपर्यंत ते थांबतील का? त्यांनी माझ्या घरी एक घास खावा, ताई. एवढ्यासाठी सगळा घाट आहे. अमेरिका-बिमेरिका ह्यांची."

मी पेटले. घरी येताना गाडीवरच मी तात्यांना सांगितलं, "आबांशी मी बोलते. मुलगी म्हणजे दान दिलेली वस्तू आहे का? दिलेल्या घरचं खायचं नाही म्हणजे ती परकी झाली हेच कबूल करणं झालं. हे त्यांना कुणी नीट मांडून सांगितलेलंच नाही."

"ह्या विषयावर मी पत्रक काढलं होतं," तात्या म्हणाले.

"मग?"

"कळसलाच वाटलं होतं. आबांनी वाचलंही असंल." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "तू खेकडे धू. बोलायचं नंतर बघू."

रविवारी सकाळीच अंगणात टेबलं जोडली. कागदाऐवजी केळीची पानं एकापुढं एक अंथरली. शिरा कापून, गरम पाण्यानं पुसून. चाळीसेक माणसं. निम्मी कॉलनीतली, इस्त्रीचे शर्ट घातलेली. निम्मी कळसची, एका जीपमधून आणि मोटारसायकलींवरून आलेली. आबा पांढऱ्या फेट्यात, काठी टेकत आले. काखेत फडक्यात बांधलेली भाकरी होतीच. सोनालीनं ती पाहिली आणि काही न पाहिल्यासारखं वाकून पाया पडली.

आबा सरळ ओट्यावर जाऊन बसले. मी तिखटाचे हात पुसत त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आबा, मी समता."

"ऐकून हाय. तात्यांची पोरगी. कढई इसरून येती ती."

तालुका लहान आहे.

मी नेटानं सुरुवात केली. मुलगी परकी नसते, नियम माणसांनी केले, माणसांनीच मोडायचे. मुद्दे चांगले होते, अजूनही मागं घेणार नाही. आबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मान डोलावत राहिले. संपल्यावर म्हणाले, "समदं खरं हाय, पोरी. एक शब्द खोटा न्हाय."

"मग जेवणार ना?"

"न्हाय."

"का?"

"माझा बा माझ्या बहिणीकडं जेवला न्हाय. तिला मूल झालंच न्हाय. तिनं मरंपातुर वाट बघितली, आन् बा बी हट्टाला पेटून तसाच गेला. आता मी हितं जेवलो, तर तिला काय सांगू?"

 ह्याच गोष्टीमुळं तर त्यांनी जेवायला हवं, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात आबा काठी चाचपत म्हणाले, "पोरीला बघितलं, झालं. ऊन चढायच्या आत निघतो."

सोनालीचा चेहरा उतरला. मी पळत पातेल्याशी गेले.

आता या प्रकारातली खरी कला सांगते. बटाटे आधी सोडायचे, मग कणसं, मग अंडी आणि खेकडे, आणि झिंगा अगदी शेवटी; तो रंगानं गुलाबी झाला की जाळ बंद. पण बंद केल्यावर लगेच काढायचं नाही. झाकण ठेवून तसंच मुरू द्यायचं. सगळं शिजतं जाळावर, पण मीठ-मसाला आत जातो तो जाळ बंद केल्यावर. घाई केली तर वरून झणझणीत आणि आत अळणी. हे मला पक्कं माहीत होतं. पण आबा फेटा सारखा करत होते.

"तात्या, उचला!"

"मुरलं न्हाय अजून."

"उचला म्हणते ना!"

मी, तात्या, अनिरुद्ध आणि सोनालीचा चुलता नाना, अशा चौघांनी जाळ्याची टोकं धरून ते वर काढलं, निथळलं आणि पानांवर ओतलं. लाल खेकडे, गुलाबी झिंगे, पिवळी कणसं, वाफेचा लोट. दृश्य असं की कॉलनीतल्यांनी फोन काढले. आणि मग कुणीच हललं नाही.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कळसची मंडळी मुलीकडची पाहुणी. पाहुण्यानं स्वतः हात घालून घ्यायचं नसतं; कुणीतरी 'बसा' म्हणावं, वाढावं, 'घ्या की अजून' म्हणून आग्रह करावा, मग पहिला घास. इथं वाढपी नव्हता, बसायला जागा नव्हती आणि आपलं पान कुठं संपतं, शेजाऱ्याचं कुठं सुरू होतं तेही कळत नव्हतं. कॉलनीची मंडळी ताटांची वाट पाहत होती. एक काका हळूच विचारून गेले, "डिश येतायत का मागून?"

"कुणी वाढणार नाही!" मी ओरडून सांगितलं. "इथं यजमान नाही, पाहुणा नाही. सगळे सारखे! घ्या!"

चाळीस माणसं आणखी अवघडली. नाना तात्यांना म्हणाला, "पोरगी रागावली काय हो?"

तेवढ्यात सोनाली पुढं झाली. ढिगातला सगळ्यात मोठा खेकडा तिनं उचलला, जाड नांगी मोडून घेतली आणि ओट्यावर आबांच्या शेजारी जाऊन बसली. दातांत धरून बघितली. दगडावर आपटून बघितली. कारखान्यात लोखंडाचे दोष काढणारी ही बाई लहान मुलीसारखं तोंड करून म्हणाली, "आबा, फुटंना."

"थांब, थांब!" अनिरुद्ध धावला. "त्यासाठी खास चिमटे आणलेत मी! प्रत्येकाला एक!" तो आत गेला आणि हात हलवत परत आला. "अगं, चिमट्यांची पिशवी कुठंय? काल इथंच होती."

"मला काय माहीत," सोनाली त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"मग अडकित्ता आणू?"

"अनिरुद्ध," ती म्हणाली, "तू बटाटा खा."

आबांनी नांगी हातात घेतली. मागाहून सोनालीनं सांगितलं ते असं, की लहानपणी पावसाळ्यात ओढ्यावरून आबा खेकडे धरून आणायचे, चुलीत भाजायचे आणि हिच्या दुधाच्या दातांना फुटत नाहीत म्हणून एकेक नांगी स्वतः दातांनी फोडून हिच्या हातावर ठेवायचे. फोडताना रस यायचा तो आधी चोखून घ्यायचे, पोरीच्या फ्रॉकवर सांडू नये म्हणून.

आबांनी नांगी दाढेखाली धरली. कट्ट! रस चोखला. मांस काढलं आणि सोनालीच्या तळव्यावर ठेवलं.

मी तोंड उघडलं. तात्यांनी माझ्या हातात गरम कणीस दिलं. "खा," म्हणाले. "तोंड भर."

सोनालीनं दुसरी नांगी पुढं केली. कट्ट. तिसरी. आबांच्या मिशीला लाल मसाला लागला. नानाला राहवेना. "आबा, जेवताय व्हय?"

"जेवतोय कुठं, शान्या? पोरीला फोडून देतोय. डोळं फुटलं काय तुजं?"

"न्हाय, तोंड हलतंय म्हणून इचारलं."

"तुजं बी हलतंय. तू काय खातोयस?"

नाना काहीच खात नव्हता. हे सगळ्यांच्या लक्षात आलं, त्याच्याही. त्यानं हात पुढं करून एक झिंगा घेतला. थोरल्या माणसाचं काहीतरी सुरू झालं आहे म्हटल्यावर कळसच्या मंडळींना तेवढं पुरलं. मग कोण कुणाला ऐकतंय! इस्त्रीचे शर्ट आणि फेटे एकमेकांच्या कोपरांतून घुसत होते. डिश विचारणारे काका जीपच्या ड्रायव्हरकडून खेकडा कुठून उघडायचा ते शिकत होते. मी जन्मभर ज्या पंगतीसाठी भांडले ती समोर होती, आणि तिच्यात माझ्या भाषणाचा काडीचा हात नव्हता. ज्यांच्या नांग्या फुटत नव्हत्या ते आबांपुढं रांग लावून उभे राहिले. आबा नात्याचं-परक्याचं, सगळ्यांचं फोडत होते, आणि दर नांगीला रस चोखत होते.

ऊन चढलं, उतरलं. आबांना निघायची आठवण झाली नाही.

पानं गोळा करताना अनिरुद्धला चिमट्यांची पिशवी वॉशिंग मशीनमध्ये सापडली. तो बराच वेळ त्या पिशवीकडे आणि मग बायकोकडे बघत उभा राहिला. बोलला मात्र काही नाही. मला तेव्हा प्रथमच हा संसार टिकेल असं वाटलं.

निघताना आबा जीपमध्ये पुढं बसले. सोनालीनं ओट्यावर राहिलेलं फडकं आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. गाठ सुटलेली नव्हती. भाकरी सकाळी आली तशीच होती. दोघांनीही त्या गाठीकडे पाहिलं. 

आबांनी मला काठीनं जवळ बोलावलं. मिशी पुसलेली होती, पण पुरती नाही.

"समताबाई, कणसं ब्येस. बटाटा ब्येस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खेकड्याच्या पोटात मीठ पोचलं न्हाय. घाई केलीस."

ज्यानं लेकीच्या घरचा घास तोंडात घेतला नाही, त्याला हे कसं कळलं, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला. असा बिनतोड मुद्दा मला आयुष्यात पुन्हा मिळणार नाही. तात्यांचा पाय माझ्या पायावर होता, पण खरं सांगते, त्याची गरज नव्हती.

"चुकलं, आबा," मी म्हटलं. "पुढच्या वेळी मुरू देते."

"मुरू दे." त्यांनी मांडीवरचं फडकं उचललं आणि सोनालीच्या हातात परत दिलं. "ही घे. कुत्र्याला घाल, न्हायतर तूच खा. पुढच्या येळंपासनं आणत न्हाय. फोडायलाच यायचं हाय, तर भाकरीचं वझं कशाला?"